तंबोऱ्याची निगा आणि जवारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरे मिरज पद्धतीच्या चार तारांच्या तंबोऱ्यासाठी आहेत. तंजावर पद्धतीच्या फणसाच्या लाकडाच्या तंबोऱ्याला किंवा भोपळा नसलेल्या छोट्या तंबोरीला यातले सगळेच लागू होणार नाही. घाईत असाल तर जवारीचे, म्हणजे तारेच्या झंकाराचे, प्रश्न आधी वाचा. "तंबोरा बोलत नाही" या तक्रारीची बहुतेक कारणे तिथे सापडतील, आणि त्यांतली पुष्कळशी कानस न लावता घरीच दूर होतात.

तंबोऱ्याच्या कोणत्या भागाला काय म्हणतात?

तळाचा गोल भाग म्हणजे वाळवलेला कडू भोपळा. मिरजेच्या कारागिरांकडे तो मुख्यतः मंगळवेढ्याच्या भागातून येतो. भोपळ्याच्या कापलेल्या तोंडावर बसवलेली किंचित फुगीर लाकडी पाटी ती तबली. भोपळा आणि दांडी यांना जोडणारा भाग गळा. दांडी आतून पोकळ असते. लाकूड बहुधा तुणीचे.

तबलीवर घोडी असते आणि तिच्या पाठीवरून चारही तारा जातात. दांडीच्या वरच्या टोकाला दोन आडव्या पट्ट्या दिसतात: तार जिच्यावर टेकते ती अटी, आणि भोकांतून तार ओवली जाते ते तारदान. त्यापुढे चार खुंट्या, दोन समोर आणि दोन बाजूंना. भोपळ्याच्या तळाशी तारांचे फासे अडकवायचा भाग म्हणजे लंगोट. घोडी आणि लंगोट यांच्या मधल्या टप्प्यात प्रत्येक तारेत एकेक मणी ओवलेला असतो. कारागीर बदलला की एखादे नाव बदलते, पण दुकानात ही नावे सांगितली तर काम अडत नाही.

माझ्या स्वराला कोणता तंबोरा आणि कोणत्या तारा?

पुरुषांच्या आवाजासाठीचा तंबोरा मोठ्या भोपळ्याचा असतो, त्याची एकूण लांबी साधारण पाच फूट. तो पांढरी एक ते काळी दोन या पट्टीत (म्हणजे पेटीची ती पट्टी षड्ज धरून) सर्वांत चांगला बोलतो. बायकांच्या आवाजासाठीचा तंबोरा साधारण चार फुटांचा, काळी तीन ते काळी पाच या पट्टीसाठी.

तारांची जाडी मिलिमीटरमध्ये अशी धरून चाला. काळी एकच्या आसपास पहिली, म्हणजे पंचमाची तार ०.४० पोलादी किंवा काशाची, जोडीच्या दोन (मधल्या, षड्जाच्या) ०.३२ पोलादी, खर्ज (शेवटची, खालच्या षड्जाची) ०.६० पितळी. काळी चारच्या आसपास पंचम ०.३५ पोलादी, जोड ०.२८ ते ०.३०, खर्ज ०.५० पितळी. तंबोऱ्याची लांबी थोडी कमीजास्त असते, त्यामुळे एखादा क्रमांक मागेपुढे होईल. नवा संच घेताना जुन्या तारेचा वीतभर तुकडा बरोबर न्या आणि जाडी मोजून घ्या. पाकिटावर नुसते "तंबोरा संच" लिहिलेले असेल तर तेवढ्यावर भरवसा ठेवू नका.

पुरुषांचा तंबोरा काळी चारला चढवला तर काय होईल?

तीच तार, तीच लांबी ठेवून स्वर चढवला तर ताण स्वराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. काळी एकचा जोडीचा षड्ज साधारण १३८.६ हर्ट्‌झ, काळी चारचा २०७.७. म्हणजे स्वर दीडपट आणि ताण सव्वादोन पट. काळी एकला जोडीच्या एका तारेवर साडेचार किलोच्या आसपास ताण असतो, तो दहा किलोच्या घरात जातो. तार कदाचित तुटणार नाही. मात्र घोडीखालची तबली हळूहळू खचते, गळ्याचा सांधा उघडू लागतो आणि जवारी पार बंद होते. उलट बाजूने, बायकांचा तंबोरा काळी एकला उतरवला तर तारा लोंबतात, मोठ्या झोक्याने घोडीवर आपटतात आणि स्वराऐवजी खळखळ ऐकू येते. एका पट्टीच्या आतबाहेर जायला हरकत नाही. त्यापलीकडे जायचे असेल तर तारांची जाडी बदला, नाहीतर दुसरा तंबोरा घ्या.

तंबोरा लावायचा क्रम कोणता?

आधी चारही मणी आपापल्या टप्प्याच्या मध्यावर आणा. हे राहून गेले तर शेवटच्या बारीक जुळणीच्या वेळी मण्याला सरकायला जागाच उरत नाही. मग जवारीचे दोरे (झंकार उघडण्यासाठी तार आणि घोडी यांच्या मध्ये घातलेले सुती दोरे) घोडीवर मागे सरकवून ठेवा किंवा काढून टाका.

जोडीची एक तार आधार स्वराला खुंटीने लावा. खुंटी नेहमी खालून वर, म्हणजे स्वराच्या किंचित खाली जाऊन मग चढवत आणा, आणि पिळताना आत दाबत राहा. वरून खाली उतरवत आणलेली तार अटीवर अडकून बसते आणि पाच मिनिटांनी सुटते. आता जोडीची दुसरी तार पहिलीशी मिळवा. दोन्ही एकत्र छेडल्यावर आवाजात डोल ऐकू येतो. दोन तारांत अर्ध्या हर्ट्‌झचा फरक असेल तर मूळ स्वरात दर दोन सेकंदांना एक डोल येतो. तो संथ असल्याने सहज सुटून जातो, पण उपस्वरांत, म्हणजे मूळ स्वराबरोबर त्याच तारेतून उमटणाऱ्या वरच्या स्वरांत, तोच फरक कैक पटींनी वेगाने डोलतो. म्हणून कान वरच्या झंकाराकडे ठेवा. तो स्थिर झाला की जोड मिळाली.

त्यानंतर खर्ज, आणि शेवटी पंचम. चारही तारा खुंटीने जवळ आल्या की पहिली पुन्हा तपासा. चार तारांचा मिळून पंधरा ते वीस किलो ताण तबलीवर येतो आणि नंतरच्या तारा चढवताना आधीच्या थोड्या उतरतात. दोन फेऱ्या लागतातच. मग मणी. मणी लंगोटाकडे सरकवला की स्वर चढतो, घोडीकडे आणला की उतरतो, कारण लंगोटाच्या बाजूला तार आणि तबली यांच्यातली फट अरुंद होत जाते आणि मणी तारेला जास्त उचलतो. मणी सरकवताना तार दुसऱ्या हाताने किंचित उचलून धरा, नाहीतर तबलीच्या पॉलिशवर चरे पडतात.

सगळ्यात शेवटी जवारीचा दोरा. दोरा बसवल्यावर स्वर अगदी थोडा हलतो, तेव्हा मण्यांची एक शेवटची फेरी करावी लागते.

मोबाइलवरच्या ट्यूनरने लावला तर चालेल का?

षड्जासाठी खुशाल वापरा. पंचमासाठी सावध राहा. ट्यूनर समविभागी (बारा सारख्या भागांच्या) सप्तकाचा पंचम दाखवतो, तो षड्जापासून ७०० सेंट असतो; पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधले अंतर म्हणजे १०० सेंट. तंबोऱ्याचा खरा पंचम ७०२ सेंटांवर आहे. काटा मध्यावर आणून थांबलात तर पंचम दोन सेंट उतरलेला राहतो आणि खर्जातून निघणाऱ्या पंचमाशी भांडतो. निषादाची तार लावायची असेल तर फरक आणखी मोठा: शुद्ध निषाद ट्यूनरच्या खुणेपेक्षा सुमारे १२ सेंट खाली येतो.

पूर्ण जुळल्याची खूण कानालाच मिळते. खर्जाच्या तारेतून गंधार स्वच्छ ऐकू येतो. तो तारेचा पाचवा उपस्वर. पेटीच्या गंधारापेक्षा तो जवळपास १४ सेंट खाली असतो, म्हणून पेटीवर गंधार धरून तंबोरा तपासू नका. गंधार ऐकू येत नसेल तर आधी खर्ज आणि जोड यांचे नाते तपासा, मग जवारी.

पंचमाची तार मध्यमाला किंवा निषादाला कधी लावतात, आणि त्यात काय बिघडते?

मालकंसासारख्या पंचम वर्ज्य असलेल्या रागात मध्यम लावतात. मारवा, पूरिया, सोहनी यांत बहुधा निषाद. पंचमावरून मध्यमावर येताना तार ढिली होते, निषादावर जाताना ताण दीडपटीहून जास्त वाढतो. मैफलीत रागागणिक बदल करायचे असतील तर पहिली तार पोलादीच ठेवा. काशाची तार निषादाला वारंवार चढवली की अटीपाशी तुटते. प्रत्येक बदलानंतर त्या तारेचा दोरा नव्याने बसवावा लागतो, कारण ताण बदलला की तार घोडीला टेकण्याची जागा बदलते. पाच-सहा तारांचे तंबोरे असतात ते बरेचसे याच कटकटीपायी.

जवारी म्हणजे नेमके काय?

घोडीच्या पाठीला दिलेला सूक्ष्म बाक, आणि त्या बाकावर घासत-टेकत कंप पावणाऱ्या तारेचा झंकार, या दोन्हींना जवारी म्हणतात. गिटारची किंवा व्हायोलिनची तार एका धारेवरून सुटते. तंबोऱ्याची घोडी तारेच्या दिशेने अडीच-तीन सेंटीमीटर रुंद असते आणि तिचा वरचा भाग सपाट दिसला तरी पुढे किंचित उतरता असतो. तार कंप पावताना या उतारावर पुन्हा पुन्हा टेकते आणि सुटते. प्रत्येक टेकण्याने वरच्या उपस्वरांना नवी ऊर्जा मिळते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली यावर शोधनिबंध लिहिला. एरवी तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू येतो ते उपस्वर उमटायला नकोत, पण तंबोऱ्यात तेही स्पष्ट ऐकू येतात, हे त्यांनी दाखवून दिले.

या बाकाची खोली केसाएवढीही नसते. म्हणून धूळ, गंज, तेलाचा ओघळ, दोऱ्याची जाडी यांतल्या कशानेही जवारी बदलते.

जवारीचा दोरा कसा बसवायचा?

पांढरा सुती शिलाईचा दोरा घ्या. रेशमी दोराही चालतो. नायलॉनचा घेऊ नका, तो घसरतो आणि झंकार पत्र्यासारखा लागतो. बोटभर लांबीचे चार तुकडे करा. पंचम आणि जोडीला एकपदरी दोरा पुरतो. खर्जाची तार जाड आणि तिचा झोका मोठा, तिला दुपदरी किंवा गजरा ओवतात तसला जाडसर दोरा लागतो.

१. तार आधी स्वरात आणा. बेसूर तारेवर दोरा लावण्यात वेळ फुकट जातो.

२. तार नखाने किंचित उचला आणि दोरा तिच्याखालून घोडीच्या मागच्या, लंगोटाकडच्या भागावर आडवा घाला.

३. दोऱ्याची दोन्ही टोके चिमटीत धरा. दुसऱ्या हाताने (किंवा दुसऱ्या माणसाने) तार सावकाश, एकाच जोराने छेडत राहा.

४. दोरा डावी-उजवीकडे अगदी हलके हलवत दांडीच्या दिशेने पुढे आणा. सुरुवातीला आवाजात काहीच फरक पडत नाही. मग एका जागी झंकार एकदम उघडतो, लांबतो, आणि उपस्वर वरून खाली उतरत गेल्यासारखे ऐकू येतात. जागा हीच.

५. आणखी पुढे गेलात तर झंकार जातो आणि कोरा, ठोकळ स्वर उरतो. दोऱ्यापुढे तार घासायला घोडीच उरलेली नसते. मागे घ्या.

६. टोके दोन-तीन सेंटीमीटर ठेवून कापा. शेजारच्या तारेला टोक लागले तर तिचा झंकार मरतो.

जोडीच्या दोन तारांचा झंकार एकसारखा हवा. एक खुली आणि एक बंद असेल तर स्वर मिळूनही जोड फुटलेली वाटते. यासाठी जितका वेळ लागेल तितका द्या. चांगली गवई मंडळी बैठकीआधी इथेच सर्वांत जास्त वेळ घालवतात, आणि ते योग्यच आहे.

घोडीवर खूप रुंद पट्ट्यात दोरा "चालत" असेल तर जवारी चांगली आहे. अगदी एकाच बिंदूवर बोलत असेल आणि जरा हलला की बंद होत असेल, तर घोडी झिजू लागली आहे.

खुली जवारी आणि बंद जवारी यांत काय घ्यावे?

खुली जवारी झगझगीत, उपस्वरांनी भरलेली. बंद जवारी गोल, मूळ स्वर पुढे आणि झंकार मागे. नव्या माणसाला दुकानात खुली जवारीच आवडते, पण छोट्या खोलीत रोज दोन तास गाताना ती कानावर आदळते आणि स्वर नेमका कुठे लावायचा ते कळेनासे होते. रियाजासाठी मध्यम गोल जवारी मागा. गरज पडेल तेव्हा दोऱ्याने ती थोडी उघडता येते. फार खुली काढलेली घोडी मात्र दोऱ्याने बंद करता येत नाही.

आवाज बसला आहे किंवा खरखर येते. जवारी गेली का?

बहुधा नाही. घोडी घासून घेण्याआधी पुढची तपासणी याच क्रमाने करा.

तारा किती जुन्या आहेत? पोलादी तारेवर बोट फिरवून पाहा. खडबडीत लागली, काळे ठिपके दिसले तर गंज आहे. गंजलेली तार तिच्या लांबीभर एकसारखी उरत नाही, तिचे उपस्वर मूळ स्वराशी मिळत नाहीत. अशी तार कितीही चांगल्या घोडीवर बोलणार नाही. वर्षभर रोज वाजलेला संच सरळ बदला.

घोडीवर घाण आहे का? तार बाजूला सारून तिच्याखालची काळी रेघ कोरड्या सुती कापडाने पुसा. पाणी, तेल, पावडर काहीही लावू नका.

दोरा जुना झाला आहे का? चेपून चपटा झालेला दोरा उचलण्याचे काम करत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी बदलावा.

खरखर नेमकी कुठून येते? मणी तबलीला अर्धवट टेकत असेल तर तो थरथरतो, बोटाने दाबून पाहा. खुंटीबाहेर राहिलेले तारेचे टोक शेजारच्या खुंटीला लागते. अटी किंवा तारदान सैल होते. कडेची सेल्युलॉइडची नक्षीची पट्टी सुटते. तबली आणि भोपळ्याच्या सांध्याला बारीक भेग पडते. प्रत्येक जागी बोट दाबून तीच तार छेडा. आवाज थांबला ती दोषाची जागा. एकाच तारेवर खरखर असेल तर दोष तिच्या वाटेवर आहे, चारींवर असेल तर सांध्यात किंवा घोडीच्या पायांत.

हे सगळे निस्तरूनही झंकार येत नसेल तर तार बाजूला सारून घोडीवर नख फिरवा. नख चरात अडकत असेल, तर खरोखर जवारी काढून घ्यायची वेळ झाली.

जवारी घरी काढता येईल का?

काढू नका. कारागीर कानशीने आणि मग बारीक पॉलिश पेपरने घोडीची पाठ थोडी थोडी उतरवतो, दर वेळी तारा चढवून ऐकतो, पुन्हा उतरवतो. चारही तारांचा उतार वेगवेगळा ठेवावा लागतो, खर्जाचा जोडीपेक्षा निराळा. पॉलिश पेपर बोटाखाली धरून घासले की कडा आधी झिजतात आणि बाक गोल होतो. गेलेले हाड किंवा लाकूड परत येत नाही, आणि दोन-तीन वेळा असे झाले की घोडी बुटकी होऊन टाकावीच लागते.

कारागिराकडे जाताना तुमची पट्टी सांगा, रोज वापरता त्याच जाडीच्या नव्या तारा चढवून न्या, आणि काम झाल्यावर तिथेच बसून दोरा लावून चारही तारा ऐका. दुसऱ्या जाडीच्या तारांवर काढलेली जवारी घरी येऊन तारा बदलल्या की हरवते.

घोडी कशाची असावी?

जुन्या तंबोऱ्यांवर हस्तिदंत किंवा सांबरशिंग दिसते. आज त्यांची खरेदी-विक्री वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली बेकायदा आहे, कोणी देऊ केले तरी घेऊ नका. उंटाचे हाड टणक, झंकार तेजस्वी, जवारी बराच काळ टिकते. शिसवी किंवा आबनुशी घोडीचा आवाज गोल आणि मऊ, पण पोलादी तार तिच्यात लवकर चर पाडते. कृत्रिम पदार्थांच्या घोड्या आता चांगल्या निघतात आणि पावसाळ्यात त्या फुगत नाहीत. रोज तासन्‌तास वाजणाऱ्या वाद्याला आम्ही हाड किंवा चांगल्या दर्जाची कृत्रिम घोडी सुचवू.

तार बदलताना काय काळजी घ्यावी?

एका वेळी एकच तार काढा. घोडी मुख्यतः तारांच्या ताणाने जागेवर असते, चारही काढल्या तर ती सरकते किंवा पडते. तरीही घोडीच्या पायांभोवती पेन्सिलने बारीक खूण करून ठेवा.

नव्या तारेच्या टोकाला फासा करून आठ-दहा घट्ट पीळ द्या आणि तो लंगोटात अडकवा. लगेच मणी ओवा. हा विसरला की सगळे पुन्हा करावे लागते. मग तार घोडीवरून, अटीवरून, तारदानाच्या भोकातून खुंटीपर्यंत न्या. खुंटीवर तीन-चार वळसे बसतील एवढी तार ठेवून बाकीची कापा. वळसे एकमेकांवर चढू देऊ नका, नाहीतर तार चढवताना स्वर झटक्याने उडी मारतो. नवी तार दोन-तीन दिवस उतरत राहते. मैफलीच्या सकाळी नवा संच चढवू नका.

खुंटी सटकते किंवा जाम होते. उपाय?

सटकत असेल तर तार सैल करून खुंटी बाहेर काढा, निमुळता भाग कोरड्या कापडाने पुसा, त्यावर खडू घासा, बोटाने जास्तीची पूड झटका. तेवढ्याने भागले नाही तर खडूत चिमूटभर राळेची पूड मिसळा. खुंटीवर जिथे चकाकी दिसते तिथेच ती टेकते. चकाकी एकाच बाजूला असेल तर भोक लंबगोल झाले आहे, ते काम कारागिराचे.

पावसाळ्यात लाकूड फुगून खुंटी जाम होते. पकडीने पिळू नका, खुंटीची मान तुटते. पुढचे निमुळते टोक बाहेर दिसत असेल तर त्यावर लाकडी ठोकळ्याने अगदी हलकी थाप द्या. सुटल्यावर टेकणाऱ्या भागावर कोरड्या साबणाची वडी एकदा फिरवा. तेल कधीच नाही, ते लाकडात मुरते आणि खुंटी पुन्हा कधी धरत नाही.

पुसायला काय वापरावे?

कोरडे, मऊ, सुती कापड. तारांखालची तबलीवरची धूळ रंगकामाच्या मऊ कुंचल्याने. मिरजेच्या तंबोऱ्यांना बहुधा चपड्या लाखेचे पॉलिश असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. हात सॅनिटायझरने ओले असताना दांडी धरली की बोटांचे ठसे कायमचे उमटतात. काचा पुसायचे द्रव, अत्तर, ओले फडके यांनाही मनाई. ओल धरली की लाखेवर पांढुरके डाग येतात.

रियाज संपला की चारही तारा घोडीपासून अटीपर्यंत कापडाने पुसा, मगच गवसणी घाला. याने तारांचे आयुष्य खरोखर वाढते, विशेषतः मुंबई-कोकणात आणि गोव्यात.

पावसाळा, वातानुकूलन आणि कडक उन्हाळा यांत काय सांभाळावे?

हवेतली आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत राहिली तर तंबोरा खूश असतो. कोकणचा पावसाळा याच्या फार वर आणि विदर्भातला मे महिना फार खाली. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या महिन्या-दोन महिन्यांनी तापवून कोरड्या करा. कापडी गवसणी ओली वाटली तर आधी वाळवा. उन्हाळ्यात कूलरच्या झोतापासून आणि खिडकीच्या उन्हापासून दूर ठेवा. लाकूड आक्रसले की खुंट्या सैल होतात, सांधे उघडतात.

वातानुकूलित सभागृहात तंबोरा किमान अर्धा तास आधी गवसणीबाहेर काढून ठेवा. गार हवेने तारा आखडून चढतात, मंचावरच्या दिव्यांनी उतरतात. यात खर्ज सर्वांत जास्त हलतो: पितळ पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावते आणि जाडीच्या मानाने त्या तारेवरचा ताण कमी असतो. गाणे चालू असताना काहीतरी बिनसले असे वाटले तर आधी खर्जाचा मणी पाहा.

ठेवायचा कसा? वापरात नसेल तर तारा उतरवाव्यात का?

भिंतीला टेकवून उभा ठेवू नका. जमिनीवर आडवा, कुशीवर, भोपळ्याखाली कापडाची चुंबळ घालून, तबली भिंतीकडे. ये-जा असेल त्या वाटेवर तर नाहीच. मोडलेल्या तंबोऱ्यांत पडून फुटलेले भोपळेच जास्त असतात.

आठवडाभराच्या सुट्टीसाठी काही करू नका. महिनाभराहून जास्त काळ बंद राहणार असेल तर चारही तारा दोन-तीन स्वर उतरवा. पूर्ण सैल करू नका, घोडी हलते आणि परत चढवताना तबलीला एकदम ताण सोसावा लागतो.

भोपळ्याला भेग गेली किंवा कीड लागली तर?

भेग दिसताच तारा उतरवा आणि वाजवणे थांबवा, कंपाने ती लांबत जाते. बाहेरून गोंद किंवा झटपट चिकटवणारा डिंक भरू नका. त्याने कडा चिकटतात पण बसत नाहीत आणि नंतर कारागिराला तो खरवडून काढावा लागतो. फुटलेला तुकडा कितीही लहान असो, जपून ठेवा. भोपळा बरोबर जोडला तर आवाजात ओळखू येईल असा फरक राहत नाही.

तंबोऱ्याखाली बारीक पिवळसर भुसा पडलेला दिसला तर कीड चालू आहे. वाद्य लगेच इतर लाकडी वाद्यांपासून वेगळे करा आणि कारागिराकडे न्या. कापूर आणि कडुनिंबाचा पाला पेटीत ठेवल्याने नवी कीड यायला अडथळा होतो, आत शिरलेली मरत नाही. कीटकनाशक फवारू नका, त्यातली द्रावके पॉलिश उतरवतात.

प्रवासात कसा न्यावा?

गाडीने जाताना तारा दोन स्वर उतरवा, मणी घोडीपासून दूर लंगोटाकडे सरकू नयेत म्हणून मऊ कापडाची पट्टी तारांखाली घाला, आणि भोपळा सामानाच्या खाली कधीही येऊ देऊ नका. एस.टी.च्या डिकीत ठेवण्यापेक्षा शेजारचे तिकीट काढलेले बरे. उन्हात बंद गाडीत तासभरही ठेवू नका, गोंद आणि लाख दोन्ही मऊ पडतात.

विमानात मोठा तंबोरा हातात नेता येत नाही, सामानातच द्यावा लागतो. फायबरची कडक पेटी घ्या. तारा चार-पाच स्वर उतरवा. घोडीच्या दोन्ही बाजूंना आणि गळ्याखाली स्पंज घट्ट भरा, पेटीत वाद्य जराही हलता कामा नये. गळा अधांतरी राहिला की पेटी आपटल्यावर तिथेच तडकतो. पोहोचल्यावर पेटी लगेच उघडू नका. खोलीच्या तापमानाला दोन-तीन तास येऊ द्या, मग तारा एकदम न चढवता तासाभरात दोन टप्प्यांत चढवा.

परदेशी जात असाल आणि घोडी, मणी किंवा नक्षी हस्तिदंताची असेल, तर ते भाग आधी कारागिराकडून बदलून घ्या. हस्तिदंत सीमाशुल्कात अडवले जाते आणि वाद्यासकट जप्त होऊ शकते.

नवा तंबोरा घेताना काय तपासावे?

मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण दुकानातले प्रत्येक वाद्य स्वतंत्रपणे ऐकूनच घ्यावे. तारा उतरलेल्या असतील तर तुमच्या पट्टीला चढवून घ्या आणि वीस मिनिटे थांबा. त्या वेळात खुंट्या धरतात का ते कळते. दांडी डोळ्यासमोर धरून लांबीच्या दिशेने पाहा, बाक किंवा पीळ दिसला तर सोडा. तबलीवर बोटाच्या पेराने ठिकठिकाणी टकटक करा, सांध्याजवळ आवाज फाटका आला तर तिथे पोकळी आहे. भोपळ्याची जाडी सगळीकडे सारखी आहे का ते टकटकीने कळते. दोरे काढून चारही तारा ऐका आणि मग दोरे घालून. दोऱ्याशिवाय जवळपास मुका असलेला आणि दोऱ्याने थोडाफार उघडणारा तंबोरा, नक्षी कितीही सुंदर असली तरी, घेऊ नका. नक्षीवर जाणारे पैसे चांगल्या घोडीवर आणि कडक पेटीवर खर्च करा.